हिरव्या रंगाखालचा आकडा

"चढ ना गं, बेल्त्सा! किती नखरे करशील?"

गाराझीनं तिसऱ्यांदा सीटवर थाप मारली. पण काळीभोर बेल्त्सा चारही पाय जमिनीत रोवून उभी राहिली. एरवी कुणी नुसती किल्ली खुळखुळवली तरी ही कुत्री सगळ्यांच्या आधी गाडीत! मग या नव्या रानगाडीवरच एवढा राग का? दारं नसलेली, चार जाड चाकांची ती गाडी केपामामानं मागच्याच आठवड्यात घेतली होती. नवी म्हणजे जुनीच, दुसऱ्या कुणीतरी वापरलेली.

"तिला रंग आवडला नसेल," मामेभाऊ उनाय म्हणाला. तो दहा वर्षांचा होता आणि दिवसातून दहा हजार वाक्यं बोलायचा. "बाबांना काही सुचतच नाही. मेंढी आणली, मार हिरवा शिक्का! फाटक बसवलं, मार शिक्का! उद्या माझ्या कपाळावरही मारतील!"

"मारायलाच हवा. हरवलास तर परत तरी मिळशील," ओपल म्हणाली. शेजारच्या कुरणावरची ही मुलगी मोजकंच बोलायची, पण नेमकं बोलायची. तिची आई गावाच्या आग विझवणाऱ्या पथकात टँकर चालवायची.

गाराझी मात्र हसली नाही. ती खाली वाकून बेल्त्साचा पंजा बघत होती. पंज्याची गादी भाजली होती! तिनं नुकत्याच कुरणावरून आलेल्या गाडीच्या तळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"बाप रे! नुसता तवा तापलाय! आणि वास घ्या. लोकर जळल्यासारखा!"

पलीकडे मिठाची पोती बांधत असलेल्या तेओफिलोकाकानं मान वर केली. पेरू देशातल्या डोंगरातून आलेला हा मेंढपाळ. त्यानंच गाराझीला दोन बोटांनी शीळ घालायला शिकवलं होतं. उद्या सकाळी कळप उन्हाळ्यासाठी डोंगरावर निघणार होता आणि सामान घेऊन तेओफिलोकाका याच गाडीतून जाणार होता. एकटा. वाळून पिवळ्या पडलेल्या गवतातून, फोनही लागत नाही अशा ठिकाणी.

"काका, तुमच्या बुटाची टाचसुद्धा वितळलीय!"

"मालकांना सांगितलं होतं, पोरी," तो हळूच म्हणाला. "ते म्हणाले, उन्हाळा आहे, सगळंच तापतं. मी जास्त बोललो नाही. ही नोकरी गेली तर त्याच दिवशी देश सोडावा लागतो मला."

गाराझीनं ओठ आवळले. "मग आम्ही बोलू!"

उनायनं फोनवर गाडीचं नाव घातलं आणि डोळे विस्फारले. "अगं, कंपनीनंच या गाड्या परत बोलावल्यात! सीटखालचं, उष्णता अडवणारं पत्र्याचं कवच सुटतं, मग तेलाची नळी वितळते आणि... आग! लिहिलंय, चालवू नका, दुरुस्ती फुकट करून देऊ!"

"सगळ्याच गाड्या?"

"नाही, काहीच. सांगाड्यावरचा आकडा यादीत असेल तर."

तिघं धावत गाडीच्या मागच्या चाकापाशी गेली. आकड्याची पट्टी होती, पण तिच्यावर केपामामाचा जाडजूड हिरवा शिक्का बसला होता! उनायनं नखानं खरवडून पाहिलं. रंग ढिम्म हलेना. तो पळत गेला आणि रॉकेलचा डबा घेऊन आला.

"शाब्बास!" ओपल म्हणाली. "जिला आग लागते का बघायचंय, तिलाच रॉकेलची आंघोळ!"

तेवढ्यात अंगणात एक चकचकीत ट्रक थांबला. मामाला ही गाडी विकणारा व्यापारी स्टॅडलर जेवायला आला होता. गाराझीनं त्याला वाटेतच गाठलं आणि विचारलं.

"परत बोलावलेली गाडी? छे छे!" त्यानं दात दाखवले. "आणि आकडा तर तुझ्या मामानंच रंगवून टाकला. आता त्याला मी काय करू? जा, खेळा!"

खेळा! गाराझीची कानशिलं तापली. ती तरातरा गोठ्याकडे चालू लागली. कोपऱ्यात लोकरीची गाठोडी रचलेली होती. त्यांच्यावरचे हिरवे शिक्के पाहून ती जागच्या जागी थबकली.

"आपण किती वेडे आहोत! हा मेंढ्यांचा रंग आहे. पावसात टिकतो, पण लोकर धुताना निघून जावा असाच तो करतात. आजोबा दर वसंतात सांगतात की! उनाय, गरम पाणी! ओपल, साबण!"

पाच मिनिटांत हिरवे ओघळ मातीत उतरले. पट्टीवर एकेक आकडा उजळत गेला. उनायनं यादीत बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच त्याची वाचा बसली. त्यानं नुसतीच मान हलवली. होता! आकडा यादीत होता!

जेवणाच्या लांबलचक टेबलावर घेवड्याचं कालवण वाफाळत होतं. केपामामा पाव मोडत स्टॅडलरशी बोलत होता.

"मामा, ती गाडी..."

"मोठी माणसं जेवताहेत, गाराझी."

"पण मामा, तेओफिलोकाका..."

"नंतर!"

नंतर म्हणजे कधी? गाडी पेटल्यावर? तिनं आजोबांकडे पाहिलं. त्यांनी फक्त आपला पाण्याचा पेला बाजूला सरकवला, जसा ते गाणं ऐकण्याआधी सरकवायचे.

आणि गाराझीला उमगलं. बास्क माणसाच्या, म्हणजे आजोबांच्या मूळ मुलखातल्या माणसाच्या टेबलावर बोलणाऱ्याला गप्प करता येतं, पण उभं राहून कवन म्हणणाऱ्याला कुणी मध्ये तोडत नाही. आणि ज्याच्या नावानं कवन, त्यानं त्याच यमकात उत्तर द्यायचं. नाही दिलं तर तो हरला! ती बाकावर चढली. तिचा आवाज चढत गेला:

"हिरवा रंग धुतला, आकडा आला वर,
आकड्याच्या पोटी बाई, निखाऱ्याचं घर;
बेल्त्सा कुत्री शहाणी, उडी घेईना गाडीवर,
मामा, आधी उत्तर द्या, मग गाडी न्या डोंगरावर!"

चमचे थांबले. केपामामानं हातातला पाव खाली ठेवला.

"उत्तर दे, केपा," आजोबा म्हणाले.

"गाण्यांवर धंदा चालवता होय तुम्ही?" स्टॅडलर खो खो हसला. "अहो, पोरखेळ आहे हा!"

"मग दाखवा ना!" गाराझी बाकावरूनच कडाडली. "अंगणातल्या खडीवर लावा गाडी. सामान भरा आणि अर्धा तास इंजिन चालू ठेवा. काही झालं नाही तर मी उन्हाळाभर गोठे धुईन. आमच्या काकाला तिच्यात एकट्याला पाठवायचं, तर आधी आमच्यासमोर चालवा!"

"अर्धा काय, एक तास!" स्टॅडलर उठला.

"फक्त आत बसू नका," ओपल शांतपणे म्हणाली. तिनं आईकडून आग विझवायचं लाल नळकांडं मागवून घेतलंच होतं.

पण ऐकेल तो स्टॅडलर कसला! तो ऐटीत आत बसला, मधूनमधून इंजिन गुरगुरवू लागला. पाच मिनिटं गेली. दहा गेली. त्यानं उनायकडे बघून डोळा मिचकावला. आपलंच चुकलं तर? तेओफिलोकाकावर उगाच बालंट तर येणार नाही?

चौदाव्या मिनिटाला बेल्त्सा उठून भुंकायला लागली. सीटखालून बारीकसा निळा धूर निघाला.

"उतरा!" गाराझी ओरडली. "मिस्टर स्टॅडलर, उतरा!"

स्टॅडलरनं खाली पाहिलं आणि किंकाळी फोडत उडी टाकली. भप्प! सीटखालून ज्वाळा निघाली. ओपलनं पिन ओढली आणि पांढऱ्या भुकटीचा लोट सोडला. उनायनं चाकाभोवती बादल्यांवर बादल्या ओतल्या. मिनिटभरात उरली एक काळी, फुसफुसणारी गाडी आणि बुडावर भोक पडलेली स्टॅडलरची पँट!

कुणीच हसलं नाही. उनायसुद्धा नाही. केपामामा त्या जळक्या सीटकडे बघत होता, मग तेओफिलोकाकाकडे, मग पलीकडच्या पिवळ्या गवताकडे.

"म... मला कंपनीची चिठ्ठी आली होती," स्टॅडलर पुटपुटला. "पण असल्या चिठ्ठ्या..."

"अशा आणखी किती गाड्या विकल्या?" गाराझीनं विचारलं.

"तीन."

"कुणाला?"

"फोन करेन उद्या..."

"उद्या नाही. आत्ता! आमच्यासमोर!"

स्टॅडलरनं केपामामाकडे पाहिलं. मामानं आपलाच फोन त्याच्या हातात ठेवला. "पोरगी काय म्हणते ते ऐकलंत ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कळप निघाला. घंटा किणकिणल्या, धूळ उडाली. सामान या वेळी खेचरांवर होतं, आजोबांच्या तरुणपणी असायचं तसं. ओपलची आई मुद्दाम आली होती. तिनं तिघांशी हात मिळवला आणि म्हणाली, "पथकात जागा रिकाम्या आहेत. फक्त थोडे मोठे व्हा." आजोबांनी गाराझीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

तेओफिलोकाकानं दोन बोटं तोंडात घातली. शीळ टेकडीवरून घुमून परत आली. गाराझीनंही तशीच परत घातली.

तेवढ्यात केपामामा फाटकावर चढला. कानाच्या पाळ्या लालबुंद, हातात टोपी. "कालचं उत्तर राहिलंय माझं," तो म्हणाला, आणि भसाड्या आवाजात, त्याच यमकात गाऊ लागला:

"रंग माझ्या हातचा, मीच फासला आकड्यावर,
भाचीनं तो धुतला तेव्हा उतरली गुर्मी भरभर;
तेओफिलो निघाला जुन्या खेचरांच्या वाटेवर,
पुन्हा तो घर बघेल, गाराझी, तुझ्या जिवावर!"