कुंड्यांवरचं टिंब

शनिवारी सकाळी तो पाटी काखोटीला मारून तिच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याचा चेहरा भांडायला आलेल्या माणसाचा होता. ती स्टुलावर बसून ब्रश रॉकेलमध्ये धूत होती. पाट्या रंगवणं हा तिचा धंदा; तिच्याआधी तिच्या अण्णांचा.

पाटी भिंतीला टेकवून तो म्हणाला, "वाचा."

"मीच रंगवलीय."

"म्हणूनच म्हणतो."

तिने वाचलं. 'येथे रोपे व कुड्या मिळतील.' कुंड्यांवरचं टिंबच गायब!

काल दिवसभर बायका त्याच्या रोपवाटिकेत मोत्याचं कानातलं मागत होत्या. एका आजीबाईंनी तर, पाटीवर मोती लिहून दुकानात माती विकतोस का, म्हणून त्याला धू धू धुतलं होतं.

दुसरी कुणी असती तर हसली असती. हिचा हात ब्रशवरच थांबला. अक्षरं ती काढायची, टिंबं अण्णा द्यायचे. पाटी वाळत आली की चष्मा कपाळावर चढवून यायचे आणि म्हणायचे, "टिंब शेवटी. त्याशिवाय पाटी बोलत नाही." अण्णा ऐन थंडीत गेले. ही त्यानंतरची पहिली पाटी.

हे तिने त्याला तोंड फिरवून सांगितलं. मग फाडकन म्हणाली, "कीव नको. टिंब देते, पाटी उचला आणि चालू लागा."

तर हा पठ्ठ्या पाटी तशीच उचलून निघाला. "राहू दे... मला घाई नाही."

घाई नव्हती खरी, पण दर शनिवारी यायला सवड होती. कधी पुदिन्याचं रोप, कधी गुलाबाचं कलम. येऊन बसायचा, रंगाच्या डब्यांची झाकणं लावायचा आणि ती बघत नसली की तिच्याकडे बघायचा. ती बघतच असायची. आत्या आतून टोमणा मारायची, "एका टिंबासाठी एवढ्या खेपा? एवढ्यात माणसाने अख्खी बाराखडी रंगवून घेतली असती."

एका शनिवारी तिने सांगून टाकलं. सोमवारपासून ती फ्लेक्सच्या दुकानात लागणार होती. त्या चकचकीत कापडांनी सगळा रस्ता विद्रूप केलाय, आणि आता तीच तिथे बसून बटणं दाबणार. "आयुष्यभर लोकांचे शब्द रंगवले," ती म्हणाली. "एकदा एक भिंत माझ्या मनासारखी रंगवायची होती. राहिलं."

तो खाली बघून डब्याचं झाकण घट्ट लावत राहिला. तिला त्याचा रागच आला. दगड, नुसता दगड!

रविवारी ती चहाचा कप घेऊन पायरीवर बसली. समोरच्या बोडक्या झाडाला तांबूस कोवळी पानं फुटली होती. हे झाड अण्णांना आवडायचं. कुणी पाणी घालो न घालो, ते वेळ झाली की फुटतंच. तिने कप खाली ठेवला. ब्रश मोडायचाच असेल तर अर्धवट काम मागे ठेवून नाही. काळ्या रंगाची डबी घेऊन ती तडक रोपवाटिकेत गेली.

तो चुन्याने माखलेला. मागची लांबच लांब भिंत पांढरीशुभ्र.

"इथे काय लिहायचंय?"

"काही नाही. तुझ्या मनात येईल ते काढ... हवा तेवढा वेळ घे." तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता, आणि कान लाल झाले होते त्याचेच.

"बघते," ती म्हणाली. पण नजर भिंतीवरून हटत नव्हती. "आधी पाटी आण. टिंब द्यायचंय."

"नको देऊस." त्याने चुन्याचा हात पँटला पुसला आणि खिशातून कागदाची पुडी काढली. आत मोत्याच्या कुड्या. "लिहिलंय तर ठेवायला हव्यात ना. गिऱ्हाईक मात्र... एकच."

कुड्या घालायला तिला बराच वेळ लागला. मग तिने ब्रश रंगात बुडवला आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावर एक ठसठशीत टिंब दिलं.

"आता बोल," ती म्हणाली.

आणि मग तो बोलला.