गुरुवारची शाळा

दर शुक्रवारी दुपारी मी पाच शाळांचा वीकली अपडेट पाठवते. कोण शिक्षक रजेवर, कोण ट्रेनिंगला, कुणाच्या जागी सप्लाय टीचर, कुठला बॉयलर रुसलाय, टॅक्सीने येणाऱ्या मुलांचं काय. माझ्या माहितीप्रमाणे तो मोरॅग सोडून कुणी वाचत नाही. मोरॅग माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आणि माझ्या चुका काढण्यासाठी वाचते.

यातल्या चार शाळांत मुलं आहेत. पाचवी क्रेगहोपची. एडिनबराच्या दक्षिणेला, डोंगरात, जिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. तिथली मुलं कमी होत होत संपली, तेव्हा कौन्सिलनं, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेनं, शाळा बंद केली नाही, 'मॉथबॉल' केली. आपण पैठणी डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवतो तसं. वापरायची नाही आणि टाकायचीही नाही. अपडेटमध्ये तिची ओळ कधी बदलत नाही. मुलं नाहीत, कर्मचारी एक. तो एक म्हणजे मी, आणि तीही फक्त गुरुवारी.

गुरुवारी जाऊन मी नळ सोडते. थट्टा नाही. पाइपात पाणी साचून राहिलं की त्यात वाईट जंतू वाढतात, म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक नळ भरपूर वाहू द्यायचा असतो. मिरजेला मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलं, लग्न होऊन इकडे आले, आणि साठी जवळ आल्यावर त्या डिग्रीचा उपयोग झाला तो असा. शशिधर, म्हणजे आमचे हे, असते तर पोट धरून हसले असते. इथल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते ते. गेले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरात मराठी बोलायला कोणी नाही. मुलगा, नील, रविवारी कार्डिफहून फोन करतो, पण तो काळजी इंग्रजीत करतो. एकटेपणाची सवय होते असं लोक सांगतात. मला तरी झाली नाही.

शाळा तशी देखणी आहे. करड्या दगडाची, उंच खिडक्यांची. आत शिरलं की मोरॅगला फोन करून "आले" म्हणायचं आणि निघताना "निघाले", की झाली माझी हजेरी. मध्ये एक हॉल, दोन वर्ग, आणि मागे लहान मुलांची हात धुण्याची खोली. तिथली बेसिनं एका रांगेत, माझ्या मांडीइतक्या उंचीवर. नळ दाबायचे. एकदा दाबला की थोडा वेळ पाणी येतं आणि आपोआप थांबतं. त्यामुळे मला दाबत बसावं लागतं आणि अंगठा दुखतो. आठवडाभर साचलेलं पाणी आधी तांबूस येतं, त्याला लोखंडाचा वास असतो. मग हळूहळू स्वच्छ होतं.

फेब्रुवारीत एका गुरुवारी शेवटच्या बेसिनचा नळ पहिल्याच दाबाला स्वच्छ आला.

याचा अर्थ एवढाच की कुणीतरी तो मधल्या दिवसांत वापरला होता. मी अपडेटमध्ये लिहिलं. मोरॅगनं वाचून वर कळवलं, तसा कौन्सिलचा माणूस येऊन कुलपं, खिडक्या, अलार्म बघून गेला. कुणी आत आलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी त्याच्या शेजारचाही नळ स्वच्छ आला. त्यानंतरच्या गुरुवारी त्याच्या शेजारचा. तेव्हा मी लिहिणं सोडून दिलं. साठी बुद्धी नाठी म्हणून मला घरी बसवलं असतं, आणि घरी काय होतं?

माझा डबा मी लहान मुलांच्या वर्गात, छोट्या खुर्चीवर बसून खायची. त्या खोलीला ऊन चांगलं यायचं. एका गुरुवारी पोळी-भाजी आणि लिंबाचं लोणचं घेऊन बसले होते, खाली बघून जेवत होते. दारात कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं. ओल्या लोकरी कोटांचा वास आला. आणि मी, मान वर न करता, म्हणाले, "या जेवायला."

आपण म्हणतोच ना. ताटावर असताना कुणी आलं की तोंडातून निघून जातं. समोरच्यानं "होऊ द्या सावकाश" म्हणायचं आणि आपण पुढचा घास घ्यायचा. खरंच येऊन बसावं असा त्याचा अर्थ कधी नसतो.

मान वर केली. दारात कोणी नव्हतं. "होऊ द्या" म्हणायला तिथे कुणीच नव्हतं.

पुढचा घास तोंडात घातला आणि थांबले. लोणच्याला चव नव्हती. आंबट नाही, खारट नाही, तिखट तर नाहीच. भाजी, पोळी, सगळं ओल्या कागदासारखं. वासाची, चवीची संवेदना गेली म्हटल्यावर मी आधी काय केलं असेल? घरी जाऊन कोविडची टेस्ट केली. निगेटिव्ह. मग लोणच्याची बरणी उघडून बोट चाटलं. लोणचं होतं तसं होतं, डोळ्यांत पाणी आणणारं.

पुढच्या गुरुवारी प्रयोग म्हणून लाडू नेले. पहिला गाडीत खाल्ला, गोड होता. दुसरा वर्गात डबा उघडून ठेवल्यानंतर थोड्या वेळानं खाल्ला. बेसनाचा भुगा, बाकी काही नाही. गोडी, वेलची, तूप, सगळं कुणीतरी काढून घेतलं होतं आणि लाडू मात्र शाबूत होता.

मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, मला बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी मी केलेलं कुणीतरी खाल्लं होतं.

मग मी जास्तीचं करायला लागले. बुधवारी संध्याकाळी भाजणी मळायची, गूळ किसायचा. घराला पुन्हा फोडणीचा वास आला. वर्गात डबा उघडायचा, "या" म्हणायचं, आणि ऊन सरकेपर्यंत बोलत बसायचं. मिरजेतलं माझं कॉलेज, शशिधरांचं घोरणं, नीलचे लहानपणीचे हट्ट. उत्तर कधी आलं नाही. पण खोली ऐकत असायची, आणि ऐकणारी खोली न ऐकणाऱ्या खोलीहून वेगळी असते हे दोन वर्षं एकटं राहिल्यावर कळतं. हात धुण्याच्या खोलीतले सगळे नळ आता पहिल्या दाबाला स्वच्छ येत होते.

मे महिन्यात क्रेगहोपच्या दवाखान्यात नवी डॉक्टर आली. अक्षरा, नाशिकची. नवरा वेद एडिनबराच्या हॉस्पिटलात, आठवड्याचे निम्मे दिवस तिकडेच. मुलगी सिया, ऑगस्टमध्ये पहिलीला जाणारी. कौन्सिलच्या वेबसाइटवर माझं मराठी नाव बघून अक्षरानं मला ऑफिसात फोन केला.

"मावशी, शाळा इथे दोन मिनिटांवर आहे आणि मला सांगतायत की सियाला टॅक्सीने डोंगरापलीकडे पाठवा. स्नोमध्ये पण! एकटी! She's only five. ती शाळा री-ओपन नाही का होऊ शकत?"

होऊ शकत होती. नियमाप्रमाणे एक मूल पुरे. फक्त इमारत मुलांसाठी योग्य आहे असं अपडेटमध्ये यायला हवं होतं, आणि ते लिहिणारी मी. मोरॅग म्हणाली, शाळा उघडली तर ऑफिसात तुलाच बसवतील, पाचही दिवस. मी त्या रात्री झोपले नाही, इतका आनंद झाला. रोज एक मराठी पोर समोर. मला आजी म्हणणारं.

त्या गुरुवारी दोघींना शाळा बघायला बोलावलं. गूळपोळ्या केल्या होत्या. सिया दोन वेण्या घालून आली आणि हॉलभर धावली. अक्षरा खिडकीतून डोंगर बघत म्हणाली, "किती शांत आहे हो! मला वाटलं नव्हतं इथे कुणी आपलं भेटेल." तिचे डोळे भरून आले होते. माझेही.

वर्गात बसलो. डबा उघडला. मी "या" म्हणाले नाही. मुद्दामच नाही म्हणाले.

सियानं एक घास खाल्ला. "आजी, हा गूळपोळी गोड नाहीये."

"सिया, manners!" अक्षरा म्हणाली. तिनं स्वतः तुकडा मोडला, चावला, आणि बाजूला ठेवला.

"मी हात धुते," सिया म्हणाली आणि पळाली.

अक्षरा मला शिक्षकांबद्दल विचारत होती. मी उत्तरं देत होते. मागून नळाचा आवाज येत होता. वाहायचा, थांबायचा. वाहायचा, थांबायचा. पोरं पाण्यात खेळतातच, असं मनाशी म्हणाले. मग लक्षात आलं की आमच्या खोलीत ऐकणारं कोणी राहिलं नव्हतं. "मी बघते," म्हणून उठले.

सिया बेसिनपाशी नव्हती.

ती दाराजवळ उभी होती. हात पुढे धरून, ताठ, समोर बघत. बेसिनं तिच्यापासून लांब होती. शेवटचा नळ वाहत होता.

"हात धुतलेस?"

"माझा टर्न नाही आला."

"इथे कोण आहे, बाळा?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेड्यासारखं काही विचारलं.

नळ थांबला. सिया एक पाऊल पुढे सरकली.

नळ पुन्हा सुरू झाला. त्याचं बटण आत गेलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

नळ थांबला. सिया आणखी एक पाऊल पुढे सरकली.

ओल्या लोकरीचा वास इतका दाट होता की श्वास घेववेना. माझ्या मागे, दारात, अजून कुणीतरी येऊन उभं राहिलं. तिच्या मागे रांग वाढत होती आणि मी त्या रांगेत मध्येच उभी होते.

मी तिचा दंड धरला आणि ओढलं.

"आजी, नको! माझा नंबर जाईल!"

"हिला नाही," मी म्हणाले. मोठ्यानं, मराठीत. "माझं काय हवं ते घ्या. हिला नाही."

तिला बाहेर आणलं. एक हात माझ्या हातात होता. दुसरा तिनं मागे धरला होता, आणि दारातून बाहेर पडल्यावरही तो खाली आला नाही.

"काय झालं?" अक्षरानं विचारलं.

"काही नाही. पाणी फार गार आहे."

शुक्रवारी मी अपडेटमध्ये लिहिलं की पाइप जुने आहेत, पाण्याचा भरवसा नाही, इमारत लहान मुलांसाठी योग्य नाही. एम.एस्सी.चा शब्द, कुणी शंका घेतली नाही. शाळा मॉथबॉलमध्येच राहिली. अक्षराचा फोन आला. ती रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती नुसती खचली होती. "मावशी, मला वाटलं होतं, तुम्ही तरी..." एवढंच म्हणाली. त्यानंतर तिनं मला फोन केला नाही. आपलं माणूस मिळालं होतं आणि मी ते हातानं घालवलं. पण पोर वाचली, असं मी रोज स्वतःला सांगत होते.

सुट्टी संपली. ऑगस्टमध्ये सिया डगीच्या टॅक्सीने डोंगरापलीकडच्या शाळेत जायला लागली. डगी सरळ माणूस, बरीच वर्षं आमच्या मुलांना ने-आण करतो.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी क्रेगहोपला गेले. नळ सोडले, डबा उघडला, "या" म्हणाले. लोणचं झणझणीत लागलं. भाजीत मीठ बरोबर होतं. मी वाट पाहिली. ऊन सरकून भिंतीवर गेलं. लाडू गोड होता, अगदी शेवटच्या कणापर्यंत गोड, आणि तो खाताना मला रडू आलं. ते सगळे मला सोडून गेले होते. कुठे, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी अपडेट लिहायला बसले होते तेव्हा डगीचा फोन आला.

"वीणा, एक छोटीशी गोष्ट. क्रेगहोपच्या फेरीला मोठी गाडी मिळेल का?"

"एका मुलीसाठी?"

"हो ना, मलाही कळत नाही." तो थोडा ओशाळला होता. "सीटवर कुणी बसलं आणि बेल्ट नसला की गाडी वाजते ना, तशी ती सोमवारपासून वाजतेय. मागच्या रिकाम्या सीट्सची. गॅरेजमध्ये दाखवली. सेन्सर ठणठणीत आहेत म्हणाले."

"मग?"

"मागचं आता वाजत नाही. सिया बसली की आधी शेजारचे दोन्ही बेल्ट लावते, मग स्वतःचा. गुणी पोर आहे. पण आज माझ्या शेजारच्या सीटचं वाजायला लागलं, आणि ती म्हणाली, अजून खूप जण बाहेर उभे आहेत."

खिडकीबाहेर मोरॅग सिगरेट ओढत कुणाशी तरी हसत होती. मी पेन उचललं. आवाज नेहमीसारखा काढला.

"किती सीटची हवी?"



"सोमवारी सियाला विचारून सांगतो," डगी म्हणाला.