तारोडीच्या डोंगरातली भेग

“निशी, ब्रेक! ब्रेक दाब!”

जितेश मागून ओरडला, पण निशिगंधाची सायकल चिखलातून घसरत सुटली होती. पुढचं चाक कशात तरी अडकलं आणि ती हँडलवरून थेट करवंदीच्या जाळीत जाऊन पडली.

“लागलं का गं?” तिचा चुलतभाऊ जितेश धावत आला.

“हा खड्डा वर जाताना नव्हता!” कोपर चोळत निशिगंधा म्हणाली.

तो खड्डा नव्हताच. पायवाटेला आडवी, दोन्हीकडे गवतात लांबवर गेलेली वीतभर रुंद भेग होती ती.

निशिगंधा, जितेश आणि त्यांचा मित्र फ्रेडी, मीरा रोडच्या एकाच शाळेतले हे तिघं. जोडून सुट्टी आली म्हणून गिअरच्या सायकली घेऊन तारोडीला फ्रेडीच्या मावशीकडे मुक्कामाला आले होते. संध्याकाळी डोंगर, रात्री मावशीच्या हातचे बोंबील, सकाळी समुद्र, असा बेत. पाऊस दिवसभर थांबला नव्हता, पण चिखलात सायकल मारायलाच तर आले होते!

फ्रेडीने एक काटकी उचलून भेगेवर आडवी ठेवली. तिची दोन्ही टोकं जेमतेम काठांवर टेकली.

“काय करतोयस?” जितेशने विचारलं.

“थांब जरा. बघ.”

तिघंही वाकून बघत राहिले. पाच मिनिटं झाली असतील नसतील, काटकी अलगद निसटली आणि आत पडली. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही!

निशिगंधा एक पाऊल मागे सरकली. “डोंगर सरकतोय...”

तिने कड्याच्या बाजूने खाली पाहिलं. डोंगराचा पायथा जेसीबीने भिंतीसारखा उभा कापला होता आणि त्या भिंतीला खेटून पत्र्याची लांब शेड होती. शेडमधून चुलीचा धूर येत होता.

“माती खणणारे मजूर आहेत,” फ्रेडी म्हणाला. “मावशी सांगत होती, यांना खणायची परवानगीच नाही. चोरून चाललंय सगळं.”

डोंगरावर फोनला रेंज नव्हती. “मी पलीकडच्या वाटेने मावशीकडे जातो, ती अग्निशमन दलाला फोन करेल,” म्हणत फ्रेडी सुटला. जितेश आणि निशिगंधा भेगेपासून लांबच्या बाजूने शेडकडे उतरले. अंधारून आलं होतं. दगडांवरून चाक उडालं की निशिगंधाला वाटे, आत्ताच सगळं खाली येणार! ब्रेक दाबून तिची बोटं बधिर झाली होती.

शेडच्या दाराशी मुकादम दशरथ मोबाइल बघत खुर्चीत बसला होता.

“काका, वर डोंगर फाटलाय! सगळ्यांना बाहेर काढा!”

“पावसात डोंगराचं असंच असतं,” त्याने मानही वर केली नाही. “जा, घरी जा.”

आतून बबन नावाचा मजूर बाहेर आला. मागे त्याची बायको शैला, कडेवर वर्षाचं बाळ. “मुकादम, पोरं खरं सांगतायत. दुपारपासून मागून लाल पाणी येतंय.”

“बबन, शेड सोडलीस तर उद्यापासून कामाला यायचं नाही. कळलं?”

बबन जागीच थबकला. इतक्यात पत्र्यावर वाजलं, टक्. टक् टक्. पावसाचा आवाज नव्हता तो. वरून खडे पडत होते!

निशिगंधाला पळून जावंसं वाटलं. पण शैलाच्या कडेवरचं बाळ तिच्याकडेच बघत होतं. आणि अचानक तिला सुचलं.

“बरं, मग थांबा सगळे इथेच,” ती आवाज चढवून म्हणाली. “व्हिडिओ पाठवलाय आम्ही. तपासणीवाले येतायत. किती माणसं इथे ठेवलीत, ते मोजणार आहेत.”

जितेशने तिच्याकडे चमकून पाहिलं, मग झटकन म्हणाला, “पोलीसही आहेत बरोबर! नाक्यापर्यंत आलेत!”

दशरथ ताडकन उठला. “काय? अरे, उठा सगळे! एक माणूस इथे दिसता कामा नये! शाळेत जाऊन बसा गावातल्या! चला, चला!”

पाच मिनिटांत चौदा माणसं चिखल तुडवत रस्त्याकडे निघाली. सगळ्यांना हाकलत दशरथ मागून येत होता. मध्येच शैला वळली. “बाळाचं दूध राहिलं!”

“नको ताई!” निशिगंधाने तिचा दंड दोन्ही हातांनी धरला. “नको ना! चला!”

त्या रस्त्यावर पोचल्या आणि मागे ट्रक रिकामा होतो तसा आवाज सुरू झाला. पण तो थांबेचना! शेडमधला दिवा विझला. जितेशने टॉर्च मारला. एक अख्खं झाड उभंच्या उभं घसरत खाली येत होतं. शेड कुठेच नव्हती.

दशरथ मटकन रस्त्यातच बसला.

सगळे गावातल्या शाळेत जाऊन थांबले. अग्निशमन दलाची गाडी आली तेव्हा ॲलिसमावशी आणि फ्रेडी आधीच शाळेत पोचले होते. गाडीवरच्या अधिकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा माणसं मोजली. सगळी होती. “पोरांनो, आम्ही असतो तरी इतक्या लवकर शेड रिकामी झाली नसती,” ते म्हणाले, आणि मग पोलिसांना बोलावून दशरथकडे वळले.

“घाबरली न्हाय तू?” मावशीने निशिगंधाचं डोकं पुसत विचारलं.

“खूप घाबरले, मावशी. अजून घाबरलेय.”

मावशीने सगळ्यांसाठी पेज आणली. शैला निशिगंधाजवळ येऊन बसली. “ते तपासणीवाले कधी यायचे गं?”

निशिगंधाने मान खाली घातली. “कोणीच येणार नव्हतं, ताई. मी खोटं बोलले.”

शैलाने झोपलेलं बाळ निशिगंधाच्या मांडीवर ठेवलं. “धर जरा. मी दोन घास खाते.”

निशिगंधाने त्याला अलगद जवळ ओढलं. बाळ काही उठलं नाही.