धर, सोड

फोटो काढताना हिलालचे दोनच शब्द असत. त्याने "धर" म्हटलं की समोरच्याने श्वास धरायचा आणि "सोड" म्हटलं की सोडायचा. फ्लॅश त्याला आवडत नसे. फ्लॅशने माणूस दचकतो आणि दचकलेला माणूस घरच्यांनाही ओळखू येत नाही, असं त्याचं म्हणणं. सुरतेतल्या लिंबायत वस्तीच्या अंधाऱ्या खोल्यांमध्ये मग कॅमेऱ्याची कळ बराच वेळ दाबून ठेवावी लागे. तेवढा वेळ खोकणारी म्हातारी माणसंही छाती फुगवून, ओठ घट्ट मिटून बसत. त्यामुळे हिलालने काढलेला फोटो लांबूनही ओळखू यायचा. त्यातल्या प्रत्येकाने श्वास धरलेला असायचा.

हिलाल गेला चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात, प्लेगच्या साथीत. त्याचे फोटो वाल्मिकने जिवापाड जपले होते. हा वाल्मिक कापडाच्या लूमवर कारीगर, हिलालच्या शेजारच्या खोलीतला, त्याच्याच गावचा. सुट्टीच्या दिवशी तो अल्बम घेऊन चहाच्या हातगाडीवर जायचा, पानं उलटायचा आणि तिसऱ्या पानावर त्याचे डोळे न चुकता भरून यायचे. "शेवटलोंग मी त्यानाजोडे बठेल व्हतू," तो सांगायचा. लोक त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. वाल्मिकला तो हात फार आवडायचा.

खरं काय घडलं ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. त्या दुपारी निम्मी लिंबायत उधना स्टेशनकडे धावत सुटली होती. हिलाल तापाने फणफणला होता, खोकल्यातून रक्त पडत होतं, आणि तरी त्याला बरोबर यायचं होतं. बायको इंदुबाई दोंडाईच्याला माहेरी होती, तिच्याकडे पोचव म्हणत होता. पण असल्या माणसाबरोबर वाल्मिकला गाडीत कोण चढू देणार? "थांब, पानी लई येस," असं म्हणून, पाणी आणायच्या निमित्ताने वाल्मिक बाहेर आला आणि त्याने बाहेरून कडी लावली.

हिलाल सरपटत दारापाशी आला असावा, कारण आवाज खालून आला. "वाल्मिक, सोड." थोड्या वेळाने पुन्हा, "सोड." वाल्मिकने पिशवी उचलली आणि तो चालू लागला.

महिन्याने तो परतला तेव्हा हिलालला केव्हाच नेलेलं होतं आणि दार सताड उघडं होतं. कोणी काही विचारलं नाही. इंदुबाईने तेवढं विचारलं, "भाऊ, शेवटले काय बोलनात त्या?" वाल्मिक म्हणाला, "तुमनं नाव लिधं, वहिनी." ती ओक्साबोक्शी रडली आणि पुढच्या राखीला तिने त्याला राखी बांधली. त्यानेही हात पुढे केला. लाज म्हणून असते, ती कडीबरोबर त्याने बाहेरच लावून टाकली असावी.

पंचाण्णवच्या पावसाळ्याच्या शेवटी त्याला पहिल्यांदा वेगळं दिसलं ते सरलाबाईच्या फोटोत. शिलाई मशीनजवळ बसलेल्या सरलाबाईचे ओठ जरासे विलगले होते. वाल्मिकने फोटो उजेडात धरला, पुसला. फोटो पक्का करायचं रसायन, हायपो, नीट धुतला नाही तर फोटो खराब होतो, असं हिलाल सांगायचा. तसंच काही असेल.

आठ दिवसांनी लूमवरच्या सहा जणांच्या फोटोत सहाही जणांचे खांदे खाली आलेले होते. वाल्मिक वेडाबिडा नव्हता. तो दोन गल्ल्या चालत सरलाबाईच्या घरी गेला आणि तिच्या भिंतीवरची प्रत पाहिली. त्यातही तोंड उघडंच.

"मी तं तोंड मिटेल व्हतं," सरलाबाई म्हणाली. ती हसली, मग हसायची थांबली, आणि तिने फोटो भिंतीकडे तोंड करून टांगला.

रोज एकेक पान बदलत गेलं. नवऱ्या-नवरीने श्वास सोडला, पाळण्यातल्या पोरीने सोडला. छाती फुगवून उभा राहिला तो फक्त वाल्मिक, शेवटच्या पानावर. तो फोटो लूमच्या कारखान्याच्या फाटकापाशी, सकाळच्या लख्ख उन्हात काढलेला. उन्हात गरज नसतानाही सवयीने हिलाल "धर" म्हणाला होता, त्याने कळ दाबली, तेवढ्यात कोणीतरी हाक मारली आणि तो "सोड" न म्हणताच गेला. त्यावरून दोघं पुढे कितीतरी दिवस हसत.

नेमका तोच फोटो मागायला इंदुबाई आली. हिलालचं वर्षश्राद्ध होतं, ती आता राहायची त्या शेजारच्या गल्लीत माणसं जमली होती, आणि जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्याचा स्वतःचा एकही फोटो नव्हता. वाल्मिकच्या फोटोत मात्र त्याची सावली होती. खांद्यापासून बाहेर आलेली कोपरं, वाकलेलं डोकं, वाल्मिकच्या पायांपर्यंत पोचलेली.

"सावलीले हार घालसू, भाऊ," ती म्हणाली. झेंडूचा हार कागदात गुंडाळून तिने बरोबरच आणला होता.

नाही कसं म्हणणार? अल्बम तिच्या हातात गेला. तिने तो पहिल्या पानापासून पाहायला घेतला.

"ह्या सगळास्ना तोंड उघडं कसं?"

"ओल लागनी, वहिनी."

तिने सरलाबाईच्या ओठांसारखे ओठ केले. मग नवरीसारखे. मग पाळण्यातल्या पोरीसारखे. शाळेत नवं अक्षर गिरवावं तसं ती पुन्हा पुन्हा करत राहिली.

"सो..." ती म्हणाली. "सो..."

वाल्मिकने अल्बम परत घ्यायला हात पुढे केला.

"शेवटले त्या हाईच बोलनात का, भाऊ?"

नाही म्हणायला वाल्मिकने श्वास घेतला. तेव्हा अगदी कानाशी, कोणीतरी ओळखीच्या सुरात म्हणालं, "धर."

श्वास छातीत गेला आणि तिथेच राहिला.

त्याने गळा धरला. भिंतीला टेकून तो खाली बसला. ओठ उघडेनात. एक शब्द हवा होता, फक्त एक, आणि तो म्हणू शकेल असं खोलीत इंदुबाईशिवाय कोणी नव्हतं. त्याने दोन्ही हात जोडले.

इंदुबाईने शांतपणे अल्बम मिटला. शेवटचं पान तेवढं काढून तिने त्याच्या मांडीवर ठेवलं, त्यावर हार ठेवला आणि ती उठली.

"थांबा, भाऊ," ती म्हणाली. "पानी लई येस."

दार ओढलं गेलं. बाहेरून कडी लागली.

वाल्मिकने खाली पाहिलं. झेंडूच्या आड, फोटोतल्या वाल्मिकचे खांदे खाली आले होते. त्याने श्वास सोडला होता.