एकाच औषधाच्या दोन गोळ्या

दुकानाचं दार वाऱ्यानं उघडलं की त्या तरुणानं ढकललं, मेल्पोला कळलंच नाही. वोलोस शहराच्या बंदराजवळच्या या औषधांच्या दुकानात ती शिकाऊ म्हणून लागली होती, आणि त्या घटकेला खोकल्याच्या बाटल्या पुसत होती. त्याचे केस विस्कटलेले, श्वास फुललेला... आणि डोळे? रागावलेल्या माणसाचे डोळे इतके छान असू नयेत, बाई. आपण हे काय बघत बसलोय, म्हणून तिनं घाईनं मान खाली घातली.

"काल माझ्या आजोबांना हे कुणी दिलं?" त्यानं गोळ्यांचं खोकं काउंटरवर आपटलं.

"मी. रक्तदाबाचं औषध आहे. डॉक्टरांनी लिहिलंय तेच, फक्त जेनेरिक, म्हणजे दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं. निम्म्या किमतीत मिळतं."

"निम्म्या किमतीत आजोबा आज न्हाणीघरात पडता पडता वाचले. भोवळ आली त्यांना."

रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मालकीण उरानियाबाई आतून आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "मेल्पो, एप्रन काढून ठेव. खरं काय ते कळेपर्यंत काउंटरला हात लावायचा नाही."

मेल्पोनं एप्रन काढून खुंटीला अडकवला. इथला शेरा चांगला मिळाला नाही तर तिची पदवीच अडकणार होती. औषध तेच आहे, हे तिला नक्की ठाऊक होतं. मग भोवळ का आली? आपलंच काही चुकलं का?

"मला तुमच्या घरी न्या," खोकं उचलून ती म्हणाली.

"कशाला? आणखी काही द्यायचं राहिलंय?"

"टोमणे वाटेत मारा. चला आधी."

त्याचं नाव स्ताथिस. चढणीच्या गल्लीत कडू संत्र्याची झाडं फुलली होती आणि तो भराभर पुढे चालला होता. मेल्पोला धाप लागली तसा तो थांबला... आणि थांबलो नाही असं दाखवायला बुटाची नाडी बांधू लागला.

"शिकता काय तुम्ही?" तिनं विचारलं.

"फिजिओथेरपी."

"मग भोवळ का येते, ते ठाऊक असेलच."

"आमचं काम गुडघ्यांशी."

तिला हसू फुटलं. एवढं सगळं झाल्यावर हसू? तिला स्वतःचाच राग आला.

अरिस्तिदिस आजोबा पाय उशीवर ठेवून पडले होते. पाहुणी दिसताच उठून मुरंब्याची बरणी काढायला निघाले. स्ताथिसनं त्यांना धरून निजवलं. मेल्पोनं रक्तदाब मोजला. फारच कमी होता.

"आजोबा, सकाळी काय काय घेतलंत?"

"ही घेतली, डॉक्टरांनी लिहिलेली, नेहमीची. डॉक्टरांची माझी जुनी ओळख, न घेऊन त्यांचं मन कसं मोडायचं? आणि मग ही, तुझी." आजोबा लाजत हसले. "तू एवढ्या मायेनं समजावलंस, पोरी. नाही घेतली असती तर बरं दिसलं नसतं."

"अहो, दोन्ही एकच औषध आहे."

"एकच? मग खोकी दोन कशी?"

मेल्पो मटकन खुर्चीत बसली. काल तिनं सगळं सांगितलं होतं, औषधात काय असतं, पैसे किती वाचतात... पण ती बंद करून ही घ्यायची, एवढं एक वाक्य राहूनच गेलं होतं.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. डोळे भरून आले.

"आणि मी? काय घेतलंत, एवढंही न विचारता भांडायला धावलो." स्ताथिसनं तिच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला. तिनं तो घेतला, तरी त्याचा हात तसाच पुढे राहिला. त्याच्या ते लक्षातच आलं नाही. मग तिनं डॉक्टरांना फोन लावला. आज आणखी गोळी नको, मी येऊन बघतो, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मेल्पो मागच्या खोलीत नुसती खोकी रचत बसली होती. तेवढ्यात दुकानातून आजोबांचा आवाज आला. स्ताथिसच्या दंडाचा आधार घेऊन, टोपी हातात धरून ते भर गर्दीत उभे होते. उभ्या जन्मात कधी कुणापुढे चूक कबूल न केलेला माणूस.

"उरानिया, पोरीला बोल लावू नकोस. दोन्ही गोळ्या मीच गिळल्या, भिडेपोटी."

मग रांगेतली एक बाई चाचरत म्हणाली, "अगं बाई... मीही दोन्ही घेते."

"म्हणजे तशा नाही घ्यायच्या?" दुसरीनं विचारलं.

उरानियाबाईंनी कपाळाला हात लावला. मग एप्रन आणून मेल्पोच्या हातात दिला. "बस इथं. एकेकीला नीट समजाव. आणि काय बंद करायचं, ते आधी सांग."

सगळ्या गेल्या तरी स्ताथिस उभाच. आजोबा दाराबाहेर समुद्राकडे तोंड करून बसले होते, मुद्दामच असावं.

"तुमचं काय राहिलंय?" मेल्पोनं विचारलं.

"माफी मागायची होती."

"बरं. मागितलीत."

"पण काल तुम्ही गेलात आणि घर एकदम रिकामं वाटायला लागलं. त्याच सकाळी मी तुमच्यावर एवढा चिडलेला... एका दिवसात असं कसं होतं? मला तर काही समजत नाही. तुम्ही आवडलात मला, एवढं कळतंय."

मेल्पोचे कान तापले.

"मी रागावलेय तुझ्यावर," ती म्हणाली. "अजून. खूप."

"मग उद्या येऊ नको?"

"नाही आलास तर आणखी रागावेन."

"म्हणजे... येऊ?"

"दोन वाजता दुकान बंद होतं," ती म्हणाली. "वेळेवर ये. मला वाट बघायला लागली, तर मी काय करीन ते मलाच माहीत नाही."