आंतेल्मच्या खणातला नॅपकिन

शनिवारी सकाळी नऊ वाजता माणसं वजडी खायला बसतात, असं फ्रान्समधल्या लियों शहराबाहेर कुणाला सांगितलं तर लोक तोंड वाकडं करतात. करू देत. क्र्वा-रूसच्या चढावर एके काळी घरोघरी रेशमाचे माग होते. विणकर भल्या पहाटे कामाला लागायचे आणि या वेळेपर्यंत त्यांच्या पोटात आग पडलेली असायची. माग गेले, विणकरही गेले. भूक तेवढी मागे राहिली, ती मोरिसेतच्या खानावळीत.

फिलिबेर तरुणपणापासून तिथे जेवत होता. चढाच्या पायथ्याशी त्याचं डुकराच्या मटणाचं दुकान होतं, आणि दुकान विकलं तरी त्याच्या जिभेचा दरारा कायम होता. सॉसेजचा एक तुकडा तोंडात टाकला की तो सांगायचा, जायफळ जास्त झालंय, किंवा आतडं धुताना कुणीतरी घाई केलीय. मोरिसेत दर शनिवारी पहिली ताटली त्याच्यापुढे ठेवायची, कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि त्याने मान डोलावल्याशिवाय बाकी कुणाला वाढायची नाही.

आणि आता, हिवाळ्यातल्या त्या मेल्या तापानंतर, फिलिबेरला काडीची चव लागत नव्हती. वजडी म्हणजे ओलं रबर, वाइन म्हणजे पाणी. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. काय तोंडाने सांगणार? घास चावायचा, डोळे मिटायचे आणि ठोकून द्यायचं, "मीठ किंचित कमी. बाकी झकास." मोरिसेत खूश होऊन आत जायची. त्याला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दाराजवळच्या भिंतीवर लाकडी खण होते. नेहमीच्या गिऱ्हाइकाचा नॅपकिन त्याच्या खणात राहायचा. सगळे लाल चौकड्यांचे, सगळे सारखे. सोमवारी मोरिसेत ते धुवायची. आपला नॅपकिन आपल्या हाताने काढायचा, दुसऱ्याच्या खणाला बोट लावायचं नाही. आणि कुणी मेला तर त्याचा नॅपकिन धुवायचा नाही. शेवटच्या जेवणानंतर त्याने जसा घडी घालून ठेवला तसाच तो वर्षभर राहायचा. मग टेबलावरचे सोबती तो चुलीत जाळायचे आणि एकेक ग्लास प्यायचे.

फिलिबेरच्या वरचा खण आंतेल्मचा होता. त्याच टेबलावरचा सोबती आंतेल्म शरदात गेला.

आंतेल्मची एक दाढ आयुष्यभर किडलेली. दंतवैद्याचं नाव काढलं की तो शिव्या द्यायचा आणि डाव्या गालात लवंग धरून ठेवायचा. जेवायला बसला की ती जिभेने उजव्या गालात सरकवायचा, जेवण झालं की परत डावीकडे. बघणाऱ्याला शिसारी यायची. तो शवपेटीत पडला होता तेव्हा फिलिबेर घटकाभर त्याच्याजवळ एकटाच होता. काय मनात आलं कोण जाणे, खिशातून एक लवंग काढून त्याने ती त्या गार, ताठरलेल्या ओठांतून आत ढकलली, पार गालापर्यंत. मैत्रीची थट्टा, दुसरं काय! नंतर त्याने ते बोट किती वेळ धुतलं. ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती.

तर त्या शनिवारी बाहेर कडाक्याची थंडी होती. आत आल्याबरोबर फिलिबेरच्या चष्म्यावर वाफ धरली. त्याने चाचपडत नॅपकिन ओढला, गळ्यात खोचला. समोर गास्पार बसला होता, तिघांतला उरलेला सोबती, जन्माचा टवाळ. मोरिसेतने ताटली ठेवली. फिलिबेरने सवयीने ओठ टिपले आणि वजडीचा तुकडा तोंडात टाकला.

चव आली.

लोणी, करपलेला पाव, पाण्यात भिजून भिजून मऊ झालेल्या जठराचा तो आंबूस, जनावरी वास. सगळं एकदम. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"काय रे म्हाताऱ्या, रडतोस?" गास्पार म्हणाला.

"कांदा झोंबला."

"या वजडीत कांदा कुठला? जीभ गेली की काय तुझी?"

"मोरिसेत, व्हिनेगर दे जरा."

गास्पारचा काटा हवेतच राहिला. फिलिबेरला व्हिनेगरचा तिटकारा होता. ताटभर व्हिनेगर ओतून खाणारा इथे एकच होता, आणि तो शरदात गेला होता.

मोरिसेत बाटली घेऊन आली आणि त्याच्या गळ्याकडे बघत राहिली. "हा कुणाचा घेतलास, मेल्या?"

त्याने खाली पाहिलं. कापड कडक झालेलं होतं. घडीच्या रेषांत रश्श्याचे तपकिरी पापुद्रे धरले होते, शिळ्या चरबीचा वास येत होता आणि त्यात लवंगेचा. मोरिसेतने तो ओढून काढला, जुन्या घडीवर घडी घातली, वरच्या खणात ठेवला आणि छातीवर क्रूसाची खूण केली. फिलिबेरने खुर्ची मागे सरकवली. आणि तरी, खरं सांगायचं तर, त्याने ताटली पावाने पुसून खाल्ली.

पुढच्या शनिवारी त्याने आपला स्वच्छ नॅपकिन घेतला. काही नाही. ओलं रबर.

मोरिसेत आत गेली, गास्पार वाइन ओतत होता. फिलिबेर कोट नीट अडकवायच्या निमित्ताने उठला आणि वरच्या खणातलं कडक टोक ओढून त्याने पटकन ओठांवरून फिरवलं. जागेवर येऊन बसला. चव होती.

मग दर शनिवारी तेच. तो उठायचा, पुसायचा, बसायचा. "यात तमालपत्र जुनं वापरलंयस," तो म्हणायचा आणि मोरिसेत लाजायची, कारण ते खरं असायचं. त्याची जीभ परत आली होती, तिचा मान परत आला होता. त्यासाठी मेलेल्या मित्राचा उष्टा फडका तोंडाला लावायचा, एवढंच. स्वतःची किळस यायची. पण चव हवी होती.

फक्त तो नॅपकिन मऊ व्हायला लागला होता. आधी कडा सैल झाल्या. मग एका सकाळी घडीचा मधला भाग हाताला ओला लागला. कोमट. कुणीतरी नुकतंच तोंड पुसून ठेवावं तसा. फिलिबेर क्षणभर थांबला. मग त्याने त्याच ओल्या जागेने ओठ पुसले.

त्यानंतर चव घरी यायला लागली, काही न खाता.

सकाळी कॉफीचा घोट घ्यावा आणि तोंडात ओली माती यावी. कुजट लाकूड. त्याखाली काहीतरी गोडसर, जे त्याने दुकानात आयुष्यभर ओळखलं होतं आणि ज्याचा वास आला की तो आख्खं डुक्कर फेकून द्यायचा. दाढांखाली कचकच व्हायची. चूळ भरली तर पाणी स्वच्छ. तोंड घासलं, व्हिनेगरने धुतलं, हिरड्यांतून रक्त काढलं. मातीची चव हलेना.

आणि एकदा जिभेखाली काहीतरी वळवळलं. बारीक, गार. तो बेसिनवर वाकून थुंकला. काहीच नव्हतं. तरी त्याने बोटं घशात घालून घालून ओकलं, पित्त पडेपर्यंत.

पुढच्या शनिवारी खानावळ उघडण्याआधीच तो दारात उभा होता. गास्पार आल्यावर त्याने दोघांसमोर सांगून टाकलं. "मोरिसेत, आंतेल्मचा नॅपकिन आज जाळ."

"वेडा झालास? वर्ष कुठे झालंय?"

"मला हिवाळ्यापासून चव नाही. त्या फडक्याने तोंड पुसलं की येते. आणि ती चव माझी नाही."

गास्पार हसायला गेला, पण हसू फुटलं नाही.

"म्हणजे मीठ कमी, मीठ कमी करत तू मला उल्लू बनवत होतास?" मोरिसेतचा आवाज कापला. "तू सांगितलंस म्हणून मी मीठ वाढवलं रे. गिऱ्हाइकं कुरकुरली तरी वाढवलं."

"हो. चुकलो. पण जाळ तो."

तिने स्वयंपाकघरातला चिमटा आणला आणि नॅपकिन उचलला. तो गळत होता. एकेक थेंब, जमिनीवर, रश्श्यासारखा दाट.

"चव जाईल तुझी," ती म्हणाली.

"जाऊ दे."

चुलीत तो पेटायलाच तयार नव्हता. बराच वेळ चरचरत राहिला. त्यातून कापडाचा वास आला नाही, मांसाचा आला. मग एकदाची ज्वाळा धरली. तिघांनी ग्लास उचलले, आंतेल्मचं नाव घेतलं आणि प्यायले.

फिलिबेरच्या तोंडात पाणी होतं. नुसतं पाणी. माती नाही, लाकूड नाही, ते गोडसर काही नाही. त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने मोरिसेतचा हात धरला.

तिने रागातच पहिली ताटली त्याच्यापुढे ठेवली. "आता खरं बोल. लागतेय?"

त्याने आपल्या खणातला धुतलेला नॅपकिन गळ्यात खोचला, घास घेतला. ओलं रबर.

"नाही. काहीच नाही."

"बरं झालं," गास्पार म्हणाला. "आता निदान माझ्या ताटातलं पळवणार नाहीस."

फिलिबेर हसला. चावत राहिला. स्वच्छ, रिकामं तोंड.

मग जिभेला काहीतरी लागलं.

डाव्या गालात, दाढेच्या मागे. हाडाची कपची असेल. त्याने जिभेने ते उलटंपालटं केलं. बारीक काडी होती. टोकाला गोल बोंड. चघळून चघळून मऊ झालेलं.

त्याचं चावणं थांबलं.

"काय रे, खडा लागला?" मोरिसेतने विचारलं.

ती काडी थुंकायला हवी होती, आत्ता, ताटलीतच. पण ती तिखट होती. हिरडी बधिर करणारी, कडसर, ऊन. सगळ्या तोंडात तेवढ्याच एका जागी चव होती.

"काही नाही," तो म्हणाला, आणि लवंग उजव्या गालात सरकवून त्याने पुढचा घास घेतला.