१००३ नंबरचा मालक

देऊळगाव राजाला हिंमतराव काकांच्या बियाणे केंद्रात ऑफिस शोधता शोधता मी चुकून मिरचीच्या शेडनेटच्या जाळीघरात शिरले, आणि तिथं काम करणाऱ्या भागवतनं मला दोन दारांच्या मधेच अडवलं.

"हात धुवा, मॅडम, नाही तर रोग आत जाते. अन् मागचं दार लागल्याशिवाय पुढचं उघडत नसते."

"मी कॉम्प्युटरवाली आहे, बुलढाण्याजवळच्या देऊळघाटची सुचिता. मिरचीले हात लावत नाही."

"सगळे असंच म्हणतात..." तो हसला आणि साबण पुढे केला. त्याचे हात कोपरापर्यंत मातीचे होते, आणि डोळे असे की मी माझे हात जरा जास्तच वेळ धूत राहिले.

कामात माझा हात धरणारं कोणी नाही. हे मीच सांगते, कारण खरं आहे. रब्बी हंगाम संपल्यावर जुना ऑपरेटर गणेश नोकरी सोडून गेला होता. मी तिथल्या कॉम्प्युटरच्या लिनक्स सिस्टिमवरचं त्याचं खातं काढून टाकलं, भागवतचं नवं उघडलं आणि त्याला बियाण्याच्या लॉटच्या नोंदी करायला शिकवलं. मग महिन्यातून एकदा यायच्या कामाला मी आठवड्यातून दोनदा येऊ लागले.

"सारखं काय बिघडते हो आमच्या कॉम्प्युटरचं?"

"काऊन? येऊ नको?"

"तसं कुठं म्हटलं मी... या की!"

ऑगस्टमध्ये काकांचा फोन आला. रब्बीच्या दोन लॉटमध्ये संकरासाठी लावलेल्या नर आणि मादी ओळींची नोंद उलटी झाली होती, त्यामुळे बी चुकीच्या ओळींतून काढलं गेलं आणि सगळं तपासणीत नापास झालं होतं. फाइलवर मालक म्हणून नाव भागवतचं. रब्बीतही तो शेडनेटवर कामाला होताच, त्यामुळे त्याचं कोणी ऐकेना. उद्यापासून येऊ नको, असं काकांनी त्याला सांगून टाकलं होतं.

मी जाऊन फाइलींची यादी काढली. लिनक्स फाइलवर मालकाचं नाव लिहीत नाही, नंबर लिहितो. गणेशचा नंबर होता १००३. त्याचं खातं काढल्यावर तो नंबर मोकळा झाला आणि नवं खातं उघडताना भागवतला मिळाला. त्या क्षणी गणेशच्या जुन्या सगळ्या फाइली भागवतच्या झाल्या. खातं काढण्याआधी त्या दुसऱ्याच्या नावावर करायच्या असतात. घाईत मी केल्या नव्हत्या.

भागवत माझ्या खुर्चीमागे उभा होता. "एका कमांडनं नाव बदलते," मी हळूच म्हणाले. "चूक माझी होती हे कोणाले कळणार नाही."

"लपवाछपवी नको, मॅडम. ती नोंद मी केली नाही, हे तुम्हाले पटते ना? मग बस झालं."

पटते ना, विचारतो! मी उठले, काकांना बोलावलं आणि माझी चूक माझ्या तोंडानं सांगितली. मग गणेशचं खातं नव्या नंबरनं उघडलं आणि रब्बीच्या फाइली परत त्याच्या नावावर करणारी कमांड काकांसमोर टाइप केली:

sudo chown -R ganesh rabbi/

काकांनी गणेशला फोन लावला. ओळी आपल्याकडूनच उलट्या भरल्या गेल्या, असं त्यानं कबूल केलं. भागवतची नोकरी राहिली.

माझं काम मात्र गेलं. "सांगितलं ते चांगलं केलं, पोरी," काका म्हणाले, "पण कॉम्प्युटरले आता मी दुसरं माणूस पाहतो."

भागवत मला स्टँडवर सोडायला आला. पाऊस भुरभुरत होता, पण छत्री दोघांपैकी कोणीच उघडली नाही.

"गप राह्यल्या असत्या तर तुमचं काम राह्यलं असतं..."

"अन् तुमचं गेलं असतं. मग मी कोणासाठी आली असती इथं?"

मी चालता चालता थांबून त्याच्याकडे वळले.

"मले तुम्ही आवडता, भागवत. सरळ सांगून राह्यली, कारण आता इथं यायले दुसरं निमित्त उरलं नाही."

बुलढाण्याची एसटी फलाटाला लागली. मी बॅग उचलली तेव्हा त्यानं ती माझ्या हातातून घेतली आणि एका दमात म्हणाला, "उद्याच आईले घेऊन देऊळघाटले येतो... सुचिता!"

"उद्या नको," मी पायरीवर पाय ठेवला. "उद्या मी घरी सांगते. तुम्ही परवा या."